कुसुंबी मेली नाही

ज्या गावी हे घडलं त्याचं नाव मी लिहीत नाही. गोंडपिपरीच्या पुढे, अहेरीच्या अलीकडे, एवढं पुरे. तिथे एका संस्थेची मुलींची शाळा होती आणि शाळेला लागून वीस-बावीस मुलींचं वसतिगृह. मी १९५४ पासून तिथे शिकवत होते. चांद्याच्या एका कारकुनाची मुलगी, शिक्षिकेची नॉर्मल परीक्षा पास, लग्न न जमलेली. सगळे मला इंदुताई म्हणत.

बुधरी वेलादी १९५६ च्या दिवाळीनंतर वसतिगृहात कामाला आली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. आलापल्लीच्या पलीकडे जंगलात आत एक माडिया वस्ती आहे, तिथली. उंच, सडसडीत, कपाळावर गोंदण. बरोबर सहा वर्षांची मुलगी, मैनी. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी तिला काम सांगितलं, विहिरीचं पाणी भरायचं, धान कांडायचं, अंगण सारवायचं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करतो. पन हे पोरगी वर्गात बसन."

तिची अट तेवढीच होती. मोठ्या बाईंनी रजिस्टर उघडलं आणि मुलीच्या बापाचं नाव विचारलं.

"भैयाजी."

"आहेत का?"

"नाई."

मोठ्या बाईंनी नावाआधी 'कै.' लिहिलं. बुधरीला वाचता येत नव्हतं, आणि तिनं काय म्हटलं ते आम्ही आमच्या सोयीनं समजून घेतलं.

मैनी हुशार निघाली. घरची भाषा गोंडी, तरी चार महिन्यांत मराठी धडा घडाघडा वाचायला लागली. बुधरी खांद्यावर कावड घेऊन वर्गाच्या दारावरून जाताना क्षणभर थांबायची, मुलीचा आवाज ऐकायची, आणि पुढे जायची.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली. दुपारी आम्ही चौघी शिक्षिका ओसरीवर बसायचो आणि मी कादंबरी मोठ्यानं वाचायची. 'कुसुंबीचा डोह' हे नाव तेव्हा सगळीकडे होतं. आमच्याच चांद्याच्या जंगलावर पुण्याच्या एका नावाजलेल्या लेखकानं लिहिलेली, म्हणून आम्हाला तिचा अभिमानही होता. मी स्वतः ती त्याआधी दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा रडले होते.

गोष्ट अशी. पुण्याचा अविनाश नावाचा तरुण चित्रकार जंगलात चित्रं काढायला येतो. तिथे त्याला कुसुंबी भेटते. अनाथ, अल्लड, हरिणीसारखी. त्याच्या पायावर कुऱ्हाड पडते तेव्हा ती पळसाच्या पानांत हळद बांधून त्याची जखम बरी करते. चांदण्यात, कोणी नसताना, दोघं एकमेकांना फुलांच्या माळा घालतात. मग पुण्याहून सुलभेचं पत्र येतं. सुलभा बी.ए. झालेली, अविनाशची वाग्दत्त वधू. कुसुंबीला कळतं की आपण या देवमाणसाच्या आयुष्याला पुरणार नाही. पौर्णिमेच्या रात्री ती डोहात उतरते. अविनाश शोक करतो, सुलभेशी लग्न करतो, आणि सुलभा इतकी थोर मनाची की दिवाणखान्यात कुसुंबीचं चित्र लावते.

त्या दुपारी मी डोहाचं प्रकरण वाचत होते. तिघीही डोळे पुसत होत्या. ओसरीच्या टोकाला बुधरी सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी प्रकरण संपवलं, पुस्तक मिटलं. बाकीच्या चहाला उठल्या. बुधरी सूप बाजूला ठेवून माझ्याजवळ आली.

"बाई, ते पोरगी मेली नाई."

मला वाटलं तिला नीट समजलं नाही. "अगं, डोहात उडी घेतली ना तिनं. आत्ताच वाचलं मी."

"वाचलं तं तुमी. पन मेली नाई. मीच आहो ते."

मी हसले. ती हसली नाही. तिनं भैयाजीच्या पायावरच्या जखमेचं सांगितलं. कुऱ्हाड डाव्या पायावर पडली होती, पुस्तकात उजवा पाय होता. पळसाची पानं तिची नव्हती, आईनं आणली होती. लाकडाच्या डेपोजवळच्या डाक बंगल्यासमोर दोन मोहाची झाडं होती, हे पुस्तकातही होतं. अर्ध्या कानाचा कुत्राही होता. आणि ती जखम झाली त्या थंडीत बंगल्यावर एक चष्मेवाला पाहुणा पंधरा दिवस राहून गेला होता. त्याला खोकला होता. तो वहीत लिहायचा आणि बुधरी पाणी घेऊन आली की भैयाजीमार्फत तिला काहीबाही विचारायचा. तुम्ही देव कोणता मानता, गोटुलात पोरंपोरी जमून काय करता, केसांना काय लावता.

"तेच बुवा असन लिवनारा," ती म्हणाली. "मले सगळं वाचून दाखवा. पयल्यापासून."

त्यानंतरचे पाच रविवार मी तिला कादंबरी वाचून दाखवली. विहिरीमागच्या कडुनिंबाखाली आम्ही बसायचो. मैनी आसपास खेळायची. मी वाचायची, बुधरी मध्येच हात वर करायची, मी थांबायची, आणि ती सांगायची.

भैयाजी पुण्याचा चित्रकार नव्हता. वरोऱ्याकडच्या एका मालगुजाराचा धाकटा मुलगा, लाकडाच्या डेपोवर कारकून. तोडलेले ओंडके मोजायचे, त्यांवर हातोड्यानं शिक्का मारून घ्यायचा, हे त्याचं काम. बुधरी तिथे मजुरीला जायची. मराठी ती तिथेच शिकली. पुस्तकातला अविनाश वाघाच्या समोर छातीठोक उभा राहतो. भैयाजी अंधार पडला की कंदील घेतल्याशिवाय आवारातसुद्धा जात नसे, आणि मजूर बाया त्याला हसत. त्यालाही हसू यायचं, म्हणूनच तो आपल्याला आवडला, असं ती म्हणाली.

"अन् चांदन्यात माळा घातल्या म्हनते," ती म्हणाली. "कोनी नोतं म्हनते. पुरा गाव होता. आमाले छपराखाली उभं केलं, वरून पानी ओतलं. आमच्याकडे तसंच लग्न होते. माह्या बापानं डुक्कर कापलं. भैयाजीनं दोन दिवस नाच पाह्यला, तिसऱ्या दिवशी सोता नाचला. गाव जेवला. हे काऊन नाई लिवलं?"

मी पान उलटलं. याचं उत्तर मला आज सुचतं. गावाच्या साक्षीनं झालेलं लग्न मोडलं तर नायक दगाबाज ठरतो. चांदण्यात घातलेल्या माळा सकाळी सुकतात, त्यांचा कोणी जाब विचारत नाही. लेखकानं गाव पुसून टाकलं आणि नायकाला मोकळं केलं.

तिचा सगळ्यात मोठा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. दुसऱ्या रविवारी 'त्या अनाथ वनबालेला' हे शब्द आले तसा तिनं हात वर केला.

"अनाथ म्हंजे?"

"जिला आईबाप नाहीत ती."

तिनं माझ्या हातातल्या पुस्तकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "माही माय त्याले ताडी पाजे. बुवाले. पोळ्या येत नोत्या तिले, तं भात अन् मासोळी करून देये. तो माह्या मायच्या हातचं जेवला, अन् तिले पुस्तकात मारून टाकलं?"

हरिणीचंही तसंच झालं. कुसुंबीला पानोपानी हरिणी म्हटलेलं होतं. मला ते वर्णन फार गोड वाटायचं. बुधरीनं विचारलं, "हरनाले बोलता येत नाई, म्हनून का?" मी पुस्तक चाळून पाहिलं. खरोखरच कुसुंबी सबंध कादंबरीत पुरतं वाक्य बोलत नव्हती. ती डोळ्यांनी बोलायची. सुलभा पान पान बोलायची.

चौथ्या रविवारी आम्ही सुलभेच्या पत्रापर्यंत आलो, आणि बुधरीनं खरं काय झालं ते सांगितलं. १९५० च्या सुरुवातीला भैयाजीचा बाप जीप घेऊन डेपोवर आला. बदलीचा हुकूम त्यानं आधीच काढून ठेवला होता. दोन महिन्यांत नेतो, असं बुधरीला सांगून भैयाजी गेला. तिला तेव्हा तिसरा महिना होता. दोन महिने झाले, चार झाले. मग भाऊ बुधूला बरोबर घेऊन ती निघाली. आलापल्लीपर्यंत पायी, पुढे मिळेल त्या लाकडाच्या ट्रकनं, मग मोटरीनं. चौथ्या दिवशी ती त्या वाड्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

घरात लग्नाची धांदल होती. भैयाजीची आई बाहेर आली, तिचं पोट पाहिलं, आणि दोघांना गोठ्याजवळ बसवून पत्रावळीवर जेवण वाढलं. बाईचा आवाज मऊ होता, बुधरी म्हणाली. "खा माय, उपाशी असशीन," असं म्हणाली. तेवढ्यात भैयाजी पाहुण्यांबरोबर आला. एकानं विचारलं, ही कोण.

"तो म्हने, आमच्या डेपोवरची मजुरीन आहे. मजुरी मांगाले आली असन."

"मग तू काय केलंस?"

"जेवन पुरं केलं. भूक होती. पोटात पोरगी होती. मग उठली, अन् त्याले गोंडीत म्हनलं, मी तुले सोडलं. त्याले समजलं. तोंड उतरलं त्याचं. बाकीच्याले वाटलं मी मजुरीचंच बोलून राह्यली."

परत आल्यावर तिनं गावाच्या बैठकीत काडी मोडून लग्न मोडल्याचं जाहीर केलं. पावसाळ्यात मैनी झाली.

"डोहाचं मनातच नाई आलं," ती म्हणाली. "काहाले येईन? लाज त्याले पाह्यजे होती."

पुस्तक संपल्यावर तिनं मला लेखकाला पत्र लिहायला सांगितलं. मी प्रकाशकाच्या पत्त्यावर चार पानांचं पत्र लिहिलं. माझ्या शब्दांत नाही, तिच्याच शब्दांत. मागणी काहीच नव्हती. मी जिवंत आहे, माझी आई जिवंत आहे, माझं लग्न झालं होतं, आणि मी मेले नाही. एवढंच.

दीड महिन्यानं उत्तर आलं. अक्षर सुरेख होतं. मला ते जवळजवळ पाठ आहे.

'आपले पत्र वाचून विस्मय वाटला. सदर स्त्री नदीत वाहून गेल्याचे मला त्या वेळच्या एका परिचितांकडूनच कळले होते. ती हयात असल्यास आनंदच आहे. तथापि कलेचे सत्य निराळे असते. कुसुंबी जगती तर अविनाशला सुलभेचे पाणिग्रहण करता आले नसते, आणि कुसुंबीचे पाणिग्रहण त्याने केले असते तर ते वाचकांना रुचले नसते. तिच्या मृत्यूनेच तिला उंची प्राप्त झाली. त्या बाईस माझे आशीर्वाद कळवावेत.'

मी तिला साध्या मराठीत समजावून सांगितलं. तिनं पहिलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"परिचित म्हंजे वळखीचा?"

"हो."

"मंग भैयाजीच. तोच म्हनला, वाहून गेली." ती कावडीच्या दोरीची गाठ सोडत होती, बांधत होती. "बुवानं तं मेलेलीवर लिवलं. यानं जित्तीले मारलं. अन् आता बुवाले मालूम झालं, तरी तो म्हनते मेलेलीच बरी."

तिच्यापुरता विषय तिथेच संपला होता. तो मी संपू दिला नाही. त्या पत्रानं मी पेटले होते. इतक्या मोठ्या लेखकाला आपण खोटं पाडलं, याची मला एक गुर्मीही चढली होती. त्याच संध्याकाळी मी बाकीच्या शिक्षिकांना सगळं सांगितलं. आपली बुधरी म्हणजेच कुसुंबी. मला वाटलं होतं त्या धावत जाऊन तिचे हात धरतील. उन्हाळाभर त्या कुसुंबीसाठी रडत होत्या.

त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. भूगोल शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे मैनीचा बाप वारलेला नाही?"

आठ दिवसांत ते गावभर झालं. बुधरी पाणी भरायला गेली की विहिरीवरच्या बायका घागरी बाजूला घ्यायच्या आणि मग तिला हळूच विचारायच्या, तो दिसायला कसा होता गं? मोठ्या मुली तिच्याकडे पाहून कुजबुजायच्या. दोन पालकांनी मुली घरी नेल्या. मग संस्थेचे चिटणीस बापूजी आले. पांढरी टोपी, हळू बोलणारे, गरिबांविषयी कळकळ असलेले गृहस्थ. 'कुसुंबीचा डोह'च्या दोन प्रती शाळेच्या ग्रंथालयाला त्यांनीच भेट दिल्या होत्या.

बैठक मोठ्या बाईंच्या खोलीत झाली. बुधरीला दाराशी उभं केलं. आम्ही चौघी भिंतीला लागून बसलो होतो.

बापूजींनी विचारलं, "तुझं लग्न कुठल्या पद्धतीनं झालं?"

"आमच्या."

"म्हणजे पाणी ओतून. त्याला कायद्यानं काही अर्थ नाही हे तुला माहीत होतं?"

"कायदा डेपोवर नोता, भाऊ. भैयाजी होता. तो हाव म्हनला."

"त्या घराला मी ओळखतो," बापूजी म्हणाले. "सभ्य घर आहे. त्या माणसाला आता बायको आहे, मुलं आहेत. आपल्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव, तेही कैलासवासी म्हणून. उद्या कोणी पाहिलं तर?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "बुधरी, आम्हाला तुझ्याबद्दल वाईट वाटतं. पण इथे वयात आलेल्या मुली आहेत. त्यांच्यापुढे काय आदर्श राहणार?"

मोठ्या बाईंच्याच टेबलावर ती कादंबरी होती. मुलींनी वाचावी अशा पुस्तकांच्या यादीत तिचं नाव त्यांनीच घातलं होतं.

शेवटी बापूजींनी तोडगा सांगितला. बुधरीनं काम सोडावं. मैनीला ठेवून घ्यायला संस्था तयार आहे, मात्र वडिलांच्या नावाची जागा कोरी राहील आणि आई अधूनमधूनसुद्धा भेटायला येणार नाही. पोरगी अनाथ म्हणून दाखवता येईल, अनाथ मुलींसाठी सरकारी सोय आहे.

बुधरीनं माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत 'अनाथ' या शब्दाचं तिच्या लेखी काय वजन होतं हे माहीत असलेली मी एकटीच होते. मला बोलायचं होतं. पत्र माझ्या कपाटात होतं. मी म्हणू शकले असते की ही बाई खोटं बोललेली नाही, 'कै.' आपण लिहिलं. मी म्हणू शकले असते की हिला काढाल तर मीही जाते. बापूजी माझ्याकडे वळून म्हणाले, "इंदुताई, तुमचं काय मत?" माझी नोकरी कायम व्हायची होती. चांद्याला आई होती. मी म्हणाले, "आपण ठरवाल ते."

बुधरीनं मैनीला वर्गातून बोलावून घेतलं. पाटी संस्थेची होती, ती तिनं मुलीच्या हातून काढून उंबऱ्यावर ठेवली. दुपारच्या मोटरीची वाट पाहत दोघी रस्त्यावरच्या चिंचेखाली बसल्या होत्या. मी तिथे गेले. माझं चुकलं, असं काहीतरी बोलले.

"तुमी वाचून दाखवलं, ते बरं केलं," ती म्हणाली. "नाई तं मले मालूमच होत नोतं का मी मेली. बाकीचं जाऊ द्या. आता इथी नका थांबू, बाई. तुमाले कोनी पाह्यन."

ते तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच माझी काळजी वाटली होती. मी परत शाळेत आले. माझा मराठीचा तास होता.

१९५९ च्या हिवाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरासाठी मी आलापल्लीला गेले, तेव्हा एक दिवस काढून तिच्या वस्तीवर गेले. बुधरीनं दुसरं लग्न केलं होतं. नवऱ्याचं नाव झाडू. अबोल, रुंद खांद्यांचा माणूस. तो अंगणात बांबूची टोपली विणत होता. मला पाहून उठला, खाट टाकली आणि पुन्हा कामाला लागला. म्हातारी आई चुलीपाशी होती. तिनं मला भात आणि मासोळी वाढली.

मैनी नऊ वर्षांची झाली होती. गुरं राखून आली, माझ्याकडे पाहून थबकली आणि आजीच्या मागे जाऊन बसली. मी तिला मराठीत विचारलं, वाचतेस का? तिनं नकारार्थी मान हलवली. वाचायला वस्तीत काहीच नव्हतं. मी बुधरीला म्हणाले, आता इकडेही सरकारी शाळा निघताहेत. सिरोंच्याकडे माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. मी बोलते, तिथे हिची सोय होईल.

"बापाचं नाव काय लिवान?" तिनं विचारलं.

"झाडूचं लिहू."

टोपली विणणारे हात थांबले. झाडू गोंडीत काहीतरी बोलला. बुधरीनं मला सांगितलं, "तो म्हनते, लिवा. त्याले काई नाई." मग ती मैनीकडे बघत राहिली. "मलेच नाई पाठवाचं. ते चांगली वाचे, बाई. मी दारावरून ऐकत होती. पन वाचाले शिकली का तुमच्यातली व्हाले पाहीन. अन् तुमी तिले होऊ देनार नाई."

मी म्हणाले, सगळे तसे नसतात.

"नसन," ती म्हणाली. "मले भेटले नाई."

मी आणखी थोडा वेळ बसले. आणलेली दोन क्रमिक पुस्तकं पिशवीतून काढून मैनीसाठी खाटेवर ठेवली. बुधरीनं ती उचलून माझ्या पिशवीत परत घातली. रागानं नाही, पाहुण्याची विसरलेली वस्तू द्यावी तशी. झाडू मला नाल्यापर्यंत पोचवायला आला. आमची भाषा एक नव्हती. नाल्यावर त्यानं हातानं दाखवलं, पाणी कमी आहे, दगडांवरून जा.